घरातली रविवर्माची जुनी तसबीर: उघडायची कशी, साफ करायची कशी आणि परत भिंतीवर लावायची कशी

गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी सगळीकडं एकच प्रकार होतो. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी खाली उतरतात, कोणीतरी ओलं फडकं घेतं, कोणीतरी काचेवर फसाफसा कॉलिन मारतं, आणि आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर धड असलेली हंस-दमयंती किंवा शकुंतला दोन तासात खराब होते. मग फोन येतात, रंग निघालाय काय करू, पांढरा डाग पडलाय काय करू, फ्रेमवाल्यानं लॅमिनेशन करून दिलंय आता फुगालंय काय करू. एकदा झाल्यावर यातलं बहुतेक काही दुरुस्त होत नाही, म्हणून आधीच सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

आमच्या घरातल्या गंगावतरणावर मी स्वतः ओलं फडकं फिरवलंय. फडक्यावर पिवळट तपकिरी आलं तेव्हा मला वाटलं मळ निघतोय, म्हणून अजून घासलं. तो मळ नव्हता, ते वरचं वॉर्निश होतं, आणि त्याच्याबरोबर शंकराच्या खांद्यावरचा रंग गेला. तिथं आता खालचा कागद दिसतो. तेवढ्यासाठी तरी हे शेवटपर्यंत वाचा आणि मगच तसबिरीला हात लावा.

एकच नियम डोक्यात पक्का ठेवा: जे केलेलं उद्या काढून टाकता येत नाही ते करायचं नाही. फेविकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन, पाणी, वरनं रंग भरणं, ही सगळी त्यात आली.

१) हंगाम निवडा, हीच पहिली पायरी

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडं हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, आणि नेमकं तेव्हाच आपण तसबीर उघडतो. दमट हवेत जुना कागद पाणी ओढून घेतो, फुगतो, वॉर्निश चिकट होतं, आणि परत काच लावून बंद केलं की तो ओलावा आतच राहतो. पुढच्या महिन्याभरात आत बुरशी धरली म्हणून समजा.

काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू करा आणि शिवरात्रीच्या आत संपवा. खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं घर असेल तर डिसेंबर अर्धा होईपर्यंत थांबा, तिकडं भिंती वाळायलाच वेळ लागतो. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर ऑनलाइन मिळतं, महाग नसतं, ते घ्या. खोलीत आकडा ४५ ते ६० च्या मधे असेल तर काम करा, ६५ च्या वर असेल तर त्या दिवशी राहू दे.

गणपतीला घर झाडायचंच असेल तर तसबीर भिंतीवरच ठेवा, फक्त चौकटीवरची धूळ कोरड्या ब्रशनं काढा आणि काच कोरड्या सुती कापडानं पुसा. काचेवर काही डाग असेल तर पाणी कापडावर घ्या, काचेवर मारू नका. काचेवर मारलेलं पाणी खाली ओघळतं, चौकटीच्या खाचेत शिरतं आणि तिथनं कागद ते वर ओढून घेतो. बहुतेक जुन्या तसबिरींच्या खालच्या कडेला जी तपकिरी लाट दिसते ती याचीच.

२) सामान आधी गोळा करा

अर्ध्यात उठून कात्री शोधायला गेलात की पंखा लागतो, मांजर येतं, पोरं येतात. म्हणून सगळं हाताशी पाहिजे.

तसबिरीच्या दुप्पट मोठं टेबल, त्याच्यावर जाड चादर घडी करून आणि वर स्वच्छ पांढरं कापड. बारीक टोकाची पक्कड, पातळ ड्रायव्हर, कटर. मऊ केसांचे दोन ब्रश, एक दोन-तीन इंच रुंद आणि एक बारीक, दोन्ही कोरे. रंगकामाचा जुना ब्रश धुऊन घेतला तर चालत नाही, त्यात कडक झालेला रंग राहतो आणि ओरखडे पडतात. तसबिरीपेक्षा मोठे दोन जाड कार्डबोर्ड, गुळगुळीत आणि स्वच्छ. टिपकागद. भिंग, १० पट मोठं दाखवणारं. टॉर्च. मऊ शिसपेन्सिल. तोंडाला चांगला मास्क, बुरशी असेल तर हा पाहिजेच. आणि बारक्या झाकणाच्या दोन-तीन डब्या, सुटलेले तुकडे ठेवायला.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. हाताला तेल, क्रीम काही नको. पंखा बंद.

३) खाली उतरवायच्या आधी फोटो काढा

भिंतीवर आहे तशीच एकदा, मग खाली घेऊन पुढनं एकदा, पाठीमागनं एकदा. मोबाईल चालतो, फ्लॅश मात्र बंद. तसबीर उभी असेल तर मोबाईल तिच्या समोर अगदी सरळ धरा, तिरका धरला की चौकट वाकडी दिसते. उजेड खिडकीतनं येणारा, ऊन नको.

मग खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूनं आडवी धरा, म्हणजे उजेड चित्रावरनं घसरत गेला पाहिजे, आणि एक फोटो काढा. समोरच्या उजेडात जे कधीच दिसत नाही ते यात दिसतं: कुठं कागद फुगलाय, कुठं रंगाचे पापुद्रे उठलेत, कुठं काचेला चिकटून चकचकीत काळपट पट्टा झालाय. आमच्या दमयंतीच्या पदरावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, टॉर्च आडवी धरल्यावर नखाएवढे सात-आठ पापुद्रे उभे राहिलेले दिसले. तिथं नंतर ब्रशसुद्धा लावला नाही.

बघून घ्या: पापुद्रे उठलेले दिसले, किंवा काचेच्या आतनं चित्राला चिकटलेले पट्टे दिसले, तर सरळ पायरी ६ वाचा आणि मगच पुढं जा.

४) आपल्याकडं नेमकं काय आहे ते ओळखा

याला वेळ द्या, कारण पुढची सगळी कामं यावर ठरतात.

बऱ्याच लोकांना वाटतं आपल्याकडं रविवर्माचं हातानं रंगवलेलं चित्र आहे. हात लावून बघितलं तर कॅनव्हाससारखं खडबडीत पण लागतं. पण प्रेसमधे छापल्यावर काही तसबिरींवर मुद्दाम कॅनव्हाससारखा दाब देत असत आणि वरनं वॉर्निश लावत असत, म्हणून खडबडीतपणावर जाऊ नका. भिंग घ्या आणि चेहरा बघा, गालाच्या सावलीचा भाग. बारीक बारीक ठिपके दिसले, वेडेवाकडे, कमीजास्त आकाराचे, तर ती दगडावरनं छापलेली जुनी तसबीर, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ठिपके एकदम शिस्तीत रांगेत, ठरावीक नक्षीत असले तर ऑफसेटवर छापलेली पुढची प्रत. ठिपके अजिबात नाहीत आणि रंगाचे फटकारे एकावर एक गेलेले दिसतात, पाठीमागं कापडाचा विणलेला धागा दिसतो, तर ते हातचं काम असू शकतं, आणि मग या लेखातलं काहीच करू नका, जाणकाराला दाखवा.

मग खालची पांढरी कड बघा. प्रेसचं नाव, गाव, चित्राचं नाव तिथं बारीक अक्षरात असतं. रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, शकुंतला-जन्म हे त्यातनं निघालेलं पहिलं चित्र, आणि पुढं छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे कडेवर कार्ला-लोणावळा असं असेल तर ती मुंबईच्या दिवसातली नाही. रविवर्मा १९०६ साली वारले, पण छापखाना नंतर कितीतरी वर्षं चालू होता, तेव्हा नुसतं नाव दिसलं म्हणून त्यांच्या हयातीतली प्रत असं धरू नका.

प्रसंग पण नीट ओळखा, कारण घराघरात नावं बदललेली आहेत. आमच्या आत्या दमयंतीला अजून सरस्वती म्हणतात, हंस दिसला म्हणून. हात जोडायला काही हरकत नाही, पण पाठीमागं नोंद लिहिताना बरोबर लिहा. हातात वीणा असेल तर सरस्वती, हंसाशी बोलणारी असेल तर नळाचा निरोप ऐकणारी दमयंती. पायातला काटा काढायचं निमित्त करून मागं वळून बघते ती शकुंतला. पालथी पडून पानावर लिहिते ती पण शकुंतलाच, पत्र लिहिताना. आणि एक ऋषी हात वर करून तोंड फिरवतोय, समोर बाई तान्हं मूल पुढं करून उभी आहे, ते विश्वामित्र-मेनका, म्हणजे शकुंतलेचा जन्म. याला कितीतरी घरात कृष्णजन्म म्हणतात.

थांबा: ही खालची कड फ्रेमवाला नेहमी कापतो, कारण चौकटीत बसत नाही किंवा मळकी दिसते. कड कापली की तसबिरीची ओळखच गेली. कापू देऊ नका.

५) चौकट उघडणं

तसबीर पांढऱ्या कापडावर पालथी ठेवा. पाठीमागं बहुतेक खाकी कागद डकवलेला असतो. तो फाडू नका. त्याच्यावर काही लिहिलंय का बघा, फ्रेम करून दिलेल्या दुकानाचं लेबल, तारीख, कोणाच्या लग्नात कोणी दिली असली ओळ. आमच्या दमयंतीच्या मागं पेन्सिलनं मोडीत दोन ओळी होत्या आणि एक छोटं फिकट लेबल होतं, दोन्ही खाकी कागदासकट कापून वेगळ्या पाकिटात ठेवलं. कटरनं कागद चारी बाजूनं चौकटीच्या कडेला धरून कापा, पातं जेमतेम कागदापुरतं आत जाऊ द्या.

खाली लाकडाची पातळ फळी किंवा पुठ्ठा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या चुका, म्हणजे बारीक खिळे. त्या गंजलेल्या असतात. ओढून काढायला गेलात तर डोकं तुटतं आणि पक्कड सटकून फळीत घुसते. त्यासाठी चूक आणि फळीच्या मधे पत्त्याएवढं जाड कार्ड सरकवा, पक्कड कार्डावर टेकवा, आणि चूक आधी किंचित वर वाकवा, मग सरळ मागं ओढा. एकेक चूक काढली की डबीत टाका. मोजून घ्या. एक चूक कापडावर राहिली आणि तिच्यावर तसबीर ठेवली की भोक पडतं.

फळी उचलताना घाई नको. शंभरातल्या बऱ्याच तसबिरी फळीला कुठंतरी चिकटलेल्या असतात, डिंकानं नाहीतर नुसत्या दमटपणानं. एक कोपरा किंचित उचला, टॉर्च मारून आत बघा. सुटी असेल तर फळी सरळ वर घ्या. चिकटलेली असेल तर फळी आणि तसबीर एकत्रच उचलायची, वेगळी करायची नाही.

आता तसबीर काचेवर पालथी आहे. तिला हातानं चिमटीत धरून उचलू नका, कोपरा हातात येतो. वरनं एक कार्डबोर्ड ठेवा, खालनं चौकट आणि वरनं कार्डबोर्ड असं दोन्ही हातांनी घट्ट धरून सगळं एकदम उलटं करा, मग चौकट आणि काच वर उचला. तसबीर कार्डबोर्डवर सुलटी राहते. दोघांनी मिळून केलं तर अजून बरं. आमच्याकडं आई काच उचलायला होती आणि मी कार्डबोर्ड धरला होता, एकट्यानं जमलं नसतं.

बघून घ्या: काच उचलताना थोडासा जरी चर्र असा आवाज आला की तिथंच थांबा.

६) काचेला चिकटली असेल तर

सोडवू नका. हेअर ड्रायरनं गरम करून, वाफेवर धरून, सुरी घालून, फ्रीजमधे ठेवून, सगळे प्रकार लोकांनी केलेत आणि प्रत्येक वेळी काचेवर चेहरा राहिला आणि कागदावर पांढरं भोक. काचेसकट तशीच परत ठेवा, मागनं स्वच्छ पुठ्ठा द्या, पालथी आडवी ठेवून द्या.

हे काम शिकलेल्या माणसाचं आहे. बेंगळूरला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कला संवर्धन केंद्र आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पण असं केंद्र आहे. आधी पायरी ३ मधले फोटो पाठवून विचारा, तसबीर उचलून एकदम बसमधे घालून नेऊ नका. न्यायचं ठरलंच तर दोन कार्डबोर्डांच्या मधे, आडवी, आणि पावसाळा सोडून.

उठलेले पापुद्रे असतील तरी हेच. त्यावर फेविकॉलचा थेंब टाकून दाबला की तो थेंब पुढं पिवळा पडतो, आकसतो आणि बाजूचा चांगला रंग पण ओढतो.

७) साफसफाई, फक्त कोरडी

इथं संयम लागतो. तसबीर चकचकीत नवीन दिसणार नाही. वॉर्निश वयानं पिवळं झालेलं असतं, ते तसंच राहणार. आपल्याला फक्त धूळ, किड्यांची घाण आणि सुटी बुरशी काढायची आहे.

आधी पाठीमागची बाजू, कारण ती मळकी असते आणि तिथं हात बसतो. रुंद ब्रश मधनं कडेकडं न्या, एकाच दिशेनं, ब्रशचं वजन सोडून वर काही दाब नको. गोल गोल फिरवू नका. प्रत्येक दोन फटकाऱ्यांनंतर ब्रश बाजूच्या कापडावर झटका. मग कार्डबोर्डांमधे धरून उलटी करा, कापड बदला आणि पुढची बाजू करा. चेहरे, हात आणि जिथं टॉर्चमधे फुगवटा दिसला ते भाग सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशनं, किंवा करूच नका.

पांढऱ्या कडेवरचा काळपटपणा मऊ पांढऱ्या खोडरबरानं थोडा निघतो. पण फक्त कडेवर, जिथं छपाई नाही. पावाचा गर, बटाट्याची फोड, व्हॉट्सअॅपवर फिरणारे बाकीचे उपाय नकोत. कागदावर राहिलेल्या पिठुळ कणांवर झुरळं आणि कसर, म्हणजे कागद खाणारे किडे, येतात.

कुंकू. लक्ष्मीच्या आणि सरस्वतीच्या तसबिरींवर असतंच, काचेच्या आत पण असतं, फ्रेम करायच्या आधी लावलेलं. सुटी पूड ब्रशनं हळूच उडवा, बारीक ब्रश वापरा म्हणजे पसरत नाही. उरलेला लाल डाग राहू द्या. तो पुसायला गेलात तर कपाळापासून नाकापर्यंत लाल ओढ येते. आणि आजीनं लावलेलं कुंकू आहे ते, मला तर ते तसंच असलेलं चांगलं वाटतं.

समईची काजळी आणि तेलकट थर कोरड्या ब्रशनं निघत नाही. तो काढायला रॉकेल, टर्पेंटाइन, स्पिरिट काही वापरू नका, वॉर्निश विरघळतं.

बुरशी असेल तर आधी तसबीर दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, सावलीत, वर काही न झाकता आडवी ठेवा. ओली बुरशी ब्रशनं पसरते, वाळलेली उडते. उन्हात ठेवायची नाही, कागद वाकडा होतो आणि रंग उडतो. वाळल्यावर मास्क लावून अंगणात, वारा आपल्या पाठीकडनं येईल असं बसून झटका. तो ब्रश परत दुसऱ्या तसबिरीला वापरू नका. कागदावर उरलेले तपकिरी ठिपके म्हणजे घाण राहिली असं नाही, तो कागदाचाच रंग बदललेला असतो, त्यांच्या नादाला लागू नका.

कसरीनं खाल्लेली तसबीर असेल तर चौकट आणि फळी दोन्ही टाकून द्या किंवा निदान आत परत वापरू नका, अंडी तिथंच असतात. डांबरगोळ्या आत घालायच्या नाहीत, त्यांच्या वासानं वॉर्निशवर परिणाम होतो. आमच्या निपाणीच्या पाहुण्यांनी तंबाखूची पानं घातली होती, कसर गेली पण कागदावर पानांच्या आकाराचे तपकिरी डाग उमटले.

जर-टिकल्या लावलेली तसबीर

काही घरात लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, बेगड, कापड लावलेलं असतं, घरातल्या बायकांनी हातानं केलेलं काम. फ्रेमवाला म्हणतो, हे काढून टाकतो की अण्णा, खालचं चित्र स्वच्छ दिसंल. काढू देऊ नका. ते तसबिरीचाच भाग झालंय, आणि खाली डिंक असतो तो रंग घेऊनच येतो. ब्रश पण फिरवू नका, टिकल्या अडकतात. सुटलेली टिकली डबीत ठेवा, कुठली होती ते फोटोवर खूण करा.

८) कडेची बारकी चीर

चित्राच्या मधे गेलेली चीर तुम्ही करू नका. कडेला इंचभर फाटलेलं असेल तर करता येतं, पण आधी रद्दी कागदावर चार वेळा करून हात बसवा.

सेलोटेप कुठलीही नको. पाच-सहा वर्षात टेप वाळून पडते आणि तिचा चिकट भाग कागदात मुरून तेलकट पिवळा पट्टा कायमचा राहतो. लागते ती गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी टिश्यू, टिश्यू ऑनलाइन मागवता येतो. स्टार्च विकत मिळतो, नाहीतर कुरडईला काढतो तसा गव्हाचा चीक काढता येतो, फक्त आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वरचं पाणी रोज बदलत राहायचं आणि शेवटी निवळलेला पांढरा भागच घ्यायचा. मैद्याची खळ चालत नाही, तिच्यात चिकट प्रथिन असतं, ती कडक होते आणि कसरीला आवडते.

एक भाग स्टार्च, पाच भाग स्वच्छ गाळलेलं पाणी, मंद आचेवर ढवळत वीस-पंचवीस मिनिटं, काचेसारखी झाली की उतरवा. गार झाल्यावर बारीक गाळणीतनं दाबून काढा आणि घट्ट ताकासारखी पातळ करा. बाइंडिंगवाले यात मोरचूद घालतात किडे लागू नये म्हणून. घालू नका. मोरचुदातलं तांबं कागद लवकर कुजवतं, जुन्या वह्यांचे पुठ्ठे बघा, खळ लागलेल्या जागीच तुटलेले असतात.

टिश्यूची पट्टी कातरू नका, ओल्या ब्रशनं रेघ मारून हातानं फाडा म्हणजे कडेला धागे राहतात आणि पाठीमागनं उठून दिसत नाही. पट्टीला खळ लावा, जादाची टिपकागदावर टिपून घ्या, मग तसबिरीच्या पाठीमागनं चिरेवर ठेवा. वर पांढऱ्या पातळ पॉलिस्टरचा तुकडा, वर टिपकागद, वर काचेचा तुकडा आणि एक पुस्तक. दहा मिनिटांनी टिपकागद बदला, मग तासाभरानं परत, मग रात्रभर ठेवा.

बघून घ्या: पुढच्या बाजूला ओल दिसली तर खळ जास्त झाली. लगेच टिपा आणि पुढच्या वेळी निम्मी घ्या.

९) नवी फ्रेम

बेळगावच्या खडे बाजारात, गणपत गल्लीत, कुठंही फ्रेम करायला द्या, पण तसबीर दुकानात सोडून येऊ नका. माप घेऊन जा, चौकट करून घ्या, काच कापून घ्या, आणि तसबीर घरी तुम्ही स्वतः बसवा. दुकानदार वाईट असतात असं नाही, त्यांना रोज पन्नास फोटो करायचे असतात आणि फेविकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवणं ही त्यांची रोजची पद्धत आहे. मी गेलो तेव्हा दुकानातले मामा म्हणाले, लॅमिनेशन करून घ्या की, परत बघायला नको. लॅमिनेशन म्हणजे गरम चिकट प्लॅस्टिक रंगाला कायमचं जोडणं, नंतर जगात कोणी ते सोडवून देऊ शकत नाही.

दुकानात नेमकं हे सांगा. पट्टी खोल पाहिजे, निदान पाऊण इंच खाच, जरीकाम असेल तर दीड इंच. काच साधी २ किंवा ३ मिलिमीटरची. ॲक्रिलिक नको, ते पुसलं की त्यावर वीज साठते आणि सुटे पापुद्रे वर ओढले जातात. काच आणि तसबिरीच्या मधे ३-४ मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण पावसाळ्यात काचेच्या आतनं दव धरतं आणि टेकलेली तसबीर चिकटते. ही जागा माउंटनं येते, म्हणजे तसबिरीभोवतीच्या, मधे खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्यानं. माउंट ॲसिड-फ्री बोर्डाचा, आणि त्याची खिडकी प्रेसचं नाव दिसेल एवढी मोठी कापायला सांगा. बेळगावात ॲसिड-फ्री मिळाला नाही तर पुणे-बेंगळूरहून किंवा ऑनलाइन मागवा, यात काटकसर करू नका. साध्या माउंटच्या कापलेल्या कडेभोवती काही वर्षात तसबिरीवर तपकिरी चौकोन उमटतो.

घरी बसवताना तसबीर पाठीमागच्या ॲसिड-फ्री बोर्डावर ठेवा. चारी कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करा, जुन्या अल्बममधे असायचे तसे. चिकटवायचं ते खिसे बोर्डाला, तसबिरीला कुठंही नाही. खिशात तसबीर थोडी सैल बसली पाहिजे, कागद हवेप्रमाणं फुगतो आणि आकसतो. मग माउंट, काच, चौकट या क्रमानं वर ठेवा, सगळं धरून पालथं करा, मागनं पुठ्ठा, चुका, आणि कडेनं खाकी कागदाची पट्टी डकवा. जुनं लेबल आणि मोडीतला कागद एका पाकिटात घालून पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला लावा. आत नको.

बंद करायच्या आधी काच दोन्ही बाजूंनी कोरडी झालीय ना बघा. साबणानं धुतलेली काच दिसायला कोरडी असते पण कडेला ओल असते, म्हणून एक रात्र उभी ठेवा.

१०) भिंत

आपल्याकडं पाऊस नैऋत्येकडनं झोडपतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत टाळा. जांभ्या दगडाची किंवा मातीची भिंत असेल तर अजूनच. घराच्या मधली, दोन्ही बाजूंना खोली असलेली भिंत सगळ्यात चांगली. नवा चुना किंवा रंग लावला असेल तर महिनाभर थांबा.

चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या कापून लावा, बोटाएवढ्या जाड. भिंत आणि तसबिरीच्या मधे हवा खेळते, ओल लागत नाही, पाली-झुरळांना लपायला जागा मिळत नाही. वर दोन खिळे, एक नको.

ऊन दिवसात कुठल्याही वेळी तसबिरीवर येतंय का ते एक सुट्टीचा दिवस घरी बसून बघा. संध्याकाळचं तिरपं ऊन लोकांच्या लक्षातच येत नाही.

देवघरातली तसबीर हा घरोघरी अवघड विषय. समई, उदबत्ती, कुंकू, हार, सगळं तिच्यावरच. मी पायरी ३ मधल्या पद्धतीनं काच काढलेली असतानाच लक्ष्मीचा चांगला फोटो काढला, त्याच मापाची प्रिंट करून देवघरात लावली आणि जुनी माजघरात नेली. आई आठवडाभर काही बोलली नाही. मग एक दिवस माजघरातल्या तसबिरीपुढं उभी राहून म्हणाली, हिच्या कानातलं मला आत्ता दिसालंय बघ. आता रोजचं कुंकू प्रिंटला आणि दिवाळीच्या पूजेला दोघींना नमस्कार.

११) पहिल्या पावसानंतर

जुलैमधे, पाऊस लागून पंधरा दिवस झाले की, सकाळी लवकर टॉर्च आडवी धरून काचेतनं बघा. काचेच्या आतनं धूसर दिसलं तर तसबीर त्या भिंतीवरनं काढा, कोरड्या खोलीत आतल्या भिंतीला टेकून उभी करून ठेवा, पण चौकट उघडू नका, उघडायची ती तुळशीच्या लग्नानंतरच. मागं हात घालून भिंत गार ओली लागते का बघा, लागली तर जागा बदला. आणि दर वेळी बघितलं की पुठ्ठ्याच्या मागं पेन्सिलनं तारीख आणि एक शब्द लिहा, कोरडी किंवा दमट. आमच्या दमयंतीमागं आता अशा चार तारखा आहेत, पहिली दमट आणि जागा बदलल्यावरच्या तिन्ही कोरड्या.